पाळकांचा सोमवार

पहूरच्या शिवारात ज्यांची विहीर आहे त्यांना आजचं माझं बोलणं लवकर उमजेल. मार्च उलटला की आपण एकमेकांना विचारतो, "तुमची किती चालते?" कुणाची दोन तास, कुणाची पाऊण तास. तेवढ्यात तळ दिसतो. मग मोटार बंद करायची आणि झरे भरेपर्यंत थांबायचं. विहीर आळशी झाली असं तेव्हा कुणीही म्हणत नाही.

मग पाळक थांबतो म्हणाले की आपल्या कपाळावर आठी का येते?

मी ख्रिस्ती मंडळीचा वडील म्हणून 22 वर्षं कमिटीत बसलो. त्या काळात आमच्याकडे एक पाळक होते, नाव घेत नाही. चार गावं, एक मोटारसायकल. रविवारी दोन ठिकाणी उपासना, आठवडाभर घरभेटी, शुक्रवारी उपास-प्रार्थना. मध्येच कुणाची माती, कुणाचं भांडण, कुणाचं पोर जळगावला सिव्हिलमध्ये. डिसेंबर लागला की नाताळची गाणी, नाटक, वर्षअखेरची रात्र. एका रविवारी त्यांनी महिन्यापूर्वीचाच संदेश पुन्हा दिला. आम्ही मागच्या बाकावर कुजबुजलो. पुढे ते घरभेटी टाळू लागले. ज्यांना मांडीवर घेऊन आशीर्वाद दिला होता त्या मुलांची नावं विसरू लागले. पाळकीणबाई माझ्या घरी म्हणाल्या, "हे रात्री दोनला उठून अंगणात बसून राहतात." आम्ही काय केलं? विशेष प्रार्थनासभा ठेवली, आणि ती चालवायलाही त्यांनाच उभं केलं. दोन वर्षांत त्यांनी सेवा सोडली. ते अंगण आठवलं की मला आजही अपराधी वाटतं.

याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात, म्हणजे जळून जाणं. न्यूयॉर्कमध्ये गरिबांच्या मोफत दवाखान्यात राबणारे मानसशास्त्रज्ञ फ्रॉइडेनबर्गर यांनी 1974 साली त्यावर लिहिलं. दुसऱ्यासाठी झिजणारी माणसंच त्यांनी त्यात पाहिली होती. 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची तीन लक्षणं मांडली: शक्ती संपणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तिन्ही आमच्यासमोर बसलेली होती. आम्ही त्यांना आळस म्हणालो, कुणी विश्वासात कमी पडले म्हणालं.

मोटार एकदम जळत नाही. आधी आवाज बदलतो, पाइपात हवा येते, पाणी तुटक पडतं. शेतकरी असला की धावत जाऊन स्टार्टर बंद करतो. पण रात्रीच्या लाइटीसाठी आपण ऑटो लावून झोपतो. लाइट येते, मोटार आपोआप सुरू होते, विहीर कोरडी पडली तरी फिरत राहते. सकाळी वायंडिंग जळाल्याचा वास. पाळकांचा मोबाइल हा तो ऑटो आहे. रात्री अकराला वाजला तरी ते उठतात. त्यांना स्वतःहून बंद करता येत नाही, कारण हाक देवाची आहे असं ते मानतात. म्हणून बटण आपल्या हातात पाहिजे.

आमचे आजोबा सांगत, खानदेश-वऱ्हाडातले ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे मिशनरी उन्हाळ्यात थंड हवेच्या ठिकाणी जात, आणि काही वर्षांनी फर्लोवर, म्हणजे लांब सुटीवर, मायदेशी. त्याबद्दल तक्रार नाही, त्यांनी विसाव्याची सोय करून ठेवली होती. पण त्यांच्या मागून आलेल्या आपल्या देशी पाळकांसाठी ती सोय कुणी केली? पूर्वी पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेगाडीने, येणाऱ्या पाळकांना निदान परतीच्या गाडीची वाट बघत बसावं तरी लागे. 2020 मध्ये तीही गाडी बंद झाली आणि मोटारसायकल कुणाची वाट बघत नाही.

एलीया आठवा. रानात झाडाखाली बसून त्याने देवाकडे मरण मागितलं. देवदूताने त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. पुढचं काम त्यानंतर सांगितलं. हा क्रम आपण उलटा करतो: काम आधी, झोप जमली तर.

माझं मागणं एवढंच आहे, आणि कुणी रेडिओ आत्ता लावला असेल म्हणून पुन्हा सांगतो. सोमवार पाळकांचा. सोमवारी फोन नाही, घरभेट नाही, "साहेब, जाता जाता जरा" हेसुद्धा नाही. रविवारी विहीर उपसली, सोमवारी झरे भरू द्या. हे ठरवणं पाळकांवर सोडू नका, कमिटीने ठराव करावा, वहीत लिहावा, उपासनेत वाचून दाखवावा.

आणि झोपच गेली असेल, जगणं नको वाटत असेल, तर सोमवारची वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं. डॉक्टरांकडे गेल्याने पाळकपण कमी होत नाही.

मोशेच्या सासऱ्याने जावयाला सगळा न्यायनिवाडा एकट्याने करू नको म्हणून कसं खडसावलं, ते सांगायचं होतं. पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याचं बोट वर झालं आहे. एवढंच सांगतो: सोमवारी कुणाची माती निघाली तर काय, असं कमिटीत नक्की कुणी विचारेल. आमच्याकडे दोन वडिलांनी विधी शिकून घेतला आहे. सोमवारी ते कबरीपर्यंत जातात, प्रार्थना करतात, आणि पाळकांना मंगळवारी सकाळी कळवतात.