शिडाच्या नौकेवर वाऱ्याचे मोजमाप



आपल्या सुखना सरोवराच्या काठी उभे राहून वाऱ्याचा वेग मोजणे फारसे कठीण नाही, कारण मोजणारा स्थिर असतो. शिडाच्या नौकेतील खलाशाला ही सोय नसते. वारा पडलेल्या दिवशी मध्य मार्गावरून स्कूटरने जाताना तोंडावर जो वारा लागतो, तो आपल्याच वेगाचा असतो. डोलकाठीच्या टोकावरील वायुवेगमापकाची हीच गत होते. त्याला खरा वारा कळत नाही, भासमान वारा तेवढा कळतो.

समजा, 20 नॉटचा वारा पाठीशी आहे आणि नौका 8 नॉटने धावते आहे. (एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किलोमीटर.) यंत्र 12 नॉट दाखवील आणि वारा बेताचाच आहे, असे खलाशास वाटेल. तीच नौका वाऱ्याच्या रोखाने तिरकी वळविताच आकडा 25 च्या घरात जाईल. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे शिडावरील भार पाहता पाहता चौपटीहून अधिक होतो. अशा वेळी पूर्ण उभारलेले शीड फाटते, प्रसंगी डोलकाठीही मोडते. यास्तव नौकेचा वेग व दिशा हिशेबात घेऊन खरा वारा काढावा लागतो.

एवढ्यानेही भागत नाही. हवामानशास्त्रात वारा 10 मीटर उंचीवर मोजण्याचा संकेत आहे; समुद्रावर 25 मीटर उंचीस तो साधारणपणे एक दशांशाने अधिक भरतो. शिवाय नौका लाटांवर डुलू लागली की काठीचे टोक हेलकावे खाते आणि आकडाही त्यासरशी चढतो-उतरतो. वाट्यांचे यंत्र झोतासरशी चटकन वेग घेते, पण मंदावते सावकाश. क्षणाच्या आकड्यावर न विसंबता काही मिनिटांची सरासरी पाहावी, ती याचसाठी.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून कमांडर दिलीप दोंदे यांनी 19 ऑगस्ट 2009 रोजी मुंबई सोडली आणि चार ठिकाणी थांबून 19 मे 2010 रोजी ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. अशा प्रवासात मध्यरात्री शीड आखडावे की राहू द्यावे, हे विचारावयास दुसरे कोणी नसते. अशा वेळी आकडा वाचता येणे पुरेसे नाही. त्यात आपली स्वतःची चाल किती मिसळली आहे, हे ओळखता आले पाहिजे.