रशियाला शिकायला जाताना : भाषा आणि रीतभात

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मी बँकेत कारकून आहे. डॉक्टर नाही की रशियन भाषेचा प्राध्यापक नाही. तरीही मंडळाने मला या विषयावर बोलायला उभे केले, त्याला कारण माझा पुतण्या. २०१३ साली तो वैद्यकीय शिक्षणासाठी रशियाला गेला आणि २०१९ साली परत आला. त्या सहा वर्षांत फोनवर त्याच्याकडून धडे घेत मीही थोडी रशियन शिकलो. बी. ए.ला माझा मराठी विषय होता. त्यातल्या व्याकरणाचा असा उपयोग होईल असे कधी वाटले नव्हते.

आम्ही ज्या एजंटाकडे पैसे भरले त्याने छातीठोकपणे सांगितले होते, "सगळे इंग्रजीत आहे, भाषेची काळजी करू नका." पहिली दोन वर्षे ते खरेही वाटले. तिसऱ्या वर्षी मुले वॉर्डात गेली. खाटेवर एक आजी होत्या. पुतण्याने इंग्रजीत विचारपूस केली, त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले. त्या रात्री त्याचा फोन आला, "काका, पुस्तकातला आजार मला पाठ आहे. पण आजी काय सांगतात ते कळत नाही."

आता २०२१ च्या नियमांनुसार परदेशातले वैद्यकीय शिक्षण आपल्याकडे ग्राह्य धरायचे तर ते इंग्रजी माध्यमातले आणि किमान ५४ महिन्यांचे असावे लागते. शिवाय १२ महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत करावी लागते. नियम आहे तो ठीकच आहे. पण तिथल्या रुग्णाला हा नियम कोणी कळवलेला नाही! तो रशियनमध्येच कण्हणार. म्हणून माझे सांगणे एवढेच, की भाषेचा अभ्यास तिसऱ्या वर्षासाठी ठेवू नका. विमानात बसण्यापूर्वी सुरू करा.

अक्षरे ३३ आहेत. त्यांतली काही फसवी आहेत. इंग्रजी 'पी'सारखे दिसते ते 'र', 'एच'सारखे ते 'न', 'सी'सारखे ते 'स'. 'रेस्तोरान' अशी पाटी आपला नवखा मुलगा 'पेक्टोपाह' वाचतो आणि उपाशी पुढे जातो. दुसरी अडचण आघाताची. ज्या 'ओ'वर जोर नाही तो 'अ'सारखा ऐकू येतो. लिहायचे 'मोलोको', म्हणायचे 'मलाको', म्हणजे दूध. आणखी एक, चालत जाणे आणि गाडीने जाणे यांना तिथे वेगवेगळी क्रियापदे आहेत. आपले एकटे 'जाणे' तिथे पुरत नाही.

पण मराठी माणसाने घाबरू नये. तीन लिंगे आपल्याकडेही आहेत, हिंदीभाषक मित्रांना ती नव्याने शिकावी लागतात. विभक्ती त्यांच्या सहा, आपण शाळेत आठ घोकल्या. भूतकाळात आपले 'होता, होती, होते' लिंगाप्रमाणे बदलते, तसेच त्यांचे 'बिल, बिला, बिलो'. साखरेला ते 'साखर'च म्हणतात आणि चहाला 'चाय'. भावाला 'ब्रात', दाराला 'द्वेर'. खोकल्याला 'काशेल', आणि आयुर्वेदात खोकल्याला 'कास' म्हणतात. पोटाला 'झिवोत', हा शब्द आपल्या 'जीव'चा जुना नातलग आहे. 'ग्द्ये बलीत?' म्हणजे कुठे दुखते? 'दिशित्ये' म्हणजे श्वास घ्या, 'न्ये दिशित्ये' म्हणजे रोखा. असे पन्नास शब्द वहीत उतरवून जाणारा मुलगा वॉर्डात मुका राहत नाही. त्यांच्या नमस्काराचा, 'झ्द्रास्त्वुयत्ये'चा, मूळ अर्थच 'निरोगी असा' असा आहे. उच्चार जिभेला जड आहे खरा, पण डॉक्टर होणाऱ्याला याहून चांगला शब्द कुठला?

आता रीतभात. 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही. ऐकायला गंमत वाटते, पण शिक्षकाला चुकून 'ती' म्हटले तर गंमत राहत नाही. शिक्षकांना 'सर', 'मॅडम' नव्हे, नाव आणि पितृनाव घेऊन हाक मारतात. सेर्गेईची मुलगी आन्ना, ती आन्ना सेर्गेयेव्ना. आपणही नावापुढे वडिलांचे नाव लावतो, फक्त हाक मारताना घेत नाही. वॉर्डातल्या वृद्ध बाईला 'बाबुश्का', म्हणजे आजी, म्हणण्यापेक्षा असे पूर्ण नाव घेणे अधिक आदराचे. त्या भिंतीकडे वळलेल्या आजींचे नाव पुतण्याने दुसऱ्या दिवशी केसपेपरवरून पाठ केले आणि तसेच घेतले. आजी वळल्या. अर्थात पहिले काम त्यांनी त्याचे उच्चार सुधारण्याचे केले.

परीक्षा बऱ्याचदा तोंडी असते. टेबलावरून एक चिठ्ठी उचलायची, थोडा वेळ तयारी करायची आणि समोर बसून उत्तर द्यायचे. बुजून गप्प बसणाऱ्याचे तिथे नुकसान होते.

घरी जाताना बूट दारात काढावेत, उंबरठ्यावरून हात मिळवू नये. कॉलेजात ओव्हरकोट घालून वर्गात जाणे असभ्यपणाचे, तो खाली 'गार्देरोब'मध्ये ठेवायचा. फुले द्यायची तर विषम संख्येत, सम संख्येची अंत्यविधीला नेतात. रशियन माणूस अनोळखी माणसाकडे पाहून हसत नाही. दुकानातली बाई हसली नाही, की आपल्या मुलांना वाटते, आपला रंग पाहून तोंड वाकडे केले. आपल्या पिढ्यांनी सोसले आहे, तेव्हा ही शंका येणे साहजिक आहे. तिथे अपमान होतच नाही असेही मी म्हणणार नाही. पण भाषा येत असेल तर अपमान कोणता आणि नुसती तिथली रीत कोणती, हे कळते. उत्तर द्यायचे असेल तर तेही देता येते.

बँकेतला माणूस म्हणून एक सांगतो. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड यांनी रशियातले काम थांबवले. इथले कार्ड तिथे चालेल असे धरून जाऊ नका. पैसे पाठवण्याची वाट आधी बँकेत आणि विद्यापीठात विचारून घ्या.

अक्षरांचा तक्ता मी झेरॉक्स करून आणला आहे, प्रत्येक अक्षराखाली मराठी उच्चार लिहिला आहे. पुतण्याची पोटदुखी-खोकल्याची वही मंडळाच्या वाचनालयात ठेवतो आहे. ती घरी नेऊ नये, तिथेच बसून उतरवून घ्यावी.