वृद्धाश्रम पारखताना
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



स्नेहसंमेलनाच्या आनंदात हा विषय काढावा की नाही, असा संकोच मला प्रथम वाटला. परंतु ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्यापैकी अनेक कुटुंबांपुढे तो आज उभा आहे, म्हणून कार्यकारी मंडळाची आज्ञा शिरसावंद्य मानून बोलतो.

एके काळी वृद्धांची सोय घरातच होत असे. कारण घरात माणसे असत. आज दोन खोल्यांच्या संसारात पतिपत्नी दोघेही सकाळची गाडी पकडतात आणि दिवेलागणीनंतर परततात. अशा घरात अंथरुणास खिळलेले माणूस दिवसभर एकटे ठेवणे, हाच पुष्कळदा मोठा निष्ठुरपणा ठरतो. निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमांची योजना आपल्या राज्य शासनाने १९६३ साली सुरू केली, तर मातोश्री वृद्धाश्रमांची योजना १९९५ साली आली. तेव्हा वृद्धाश्रम हा शब्द आपल्याला नवा नाही. वृद्धाश्रमात ठेवणे म्हणजे टाकून देणे, असे सरसकट म्हणणे मला मान्य नाही. मात्र ठेवणे आणि टाकणे यांतील अंतर कशाने पडते, हे मी फार उशिरा शिकलो.

ज्यांनी मला लहानाचे मोठे केले, त्या माझ्या आत्याबाई. त्यांना मूलबाळ नव्हते. खुब्याचे हाड मोडल्यावर त्यांना उठणे-बसणे अवघड झाले. कल्याणच्या पलीकडे, स्टेशनापासून बऱ्याच आत असलेला एक आश्रम मी पसंत केला. मी बाग पाहिली, देऊळ पाहिले, चकचकीत फरशी पाहिली आणि पैसे भरून आलो. भेटीची वेळ रविवारी सकाळची. दर रविवारी आत्याबाई न्हाऊमाखू घातलेल्या, धुतलेले लुगडे नेसून खुर्चीत बसलेल्या दिसत. मी समाधानाने परत येई.

एकदा आषाढात काही कामानिमित्त मी त्या बाजूस गेलो होतो. मंगळवार होता, दुपारचे चार वाजले होते. मी सहज आत शिरलो. आत्याबाई ओल्या अंथरुणावर पडून होत्या. पाण्याचे भांडे खिडकीत, हात पोहोचणार नाही असे ठेवलेले. माणसाला बोलावण्याची घंटा दोरीसकट वर गुंडाळलेली. मला पाहून त्या शरमल्या आणि म्हणाल्या, "तू रविवारीच येत जा. रविवारी मी बरी असते."

बंधूंनो, ते वाक्य मी अद्याप विसरलेलो नाही. दोष आश्रमाचा होताच. परंतु आश्रम निवडताना मी आत्याबाईंची सोय पाहिली नव्हती, स्वतःच्या मनाचे समाधान पाहिले होते.

पुढे त्यांना दुसरीकडे हलविले. तेथे बाग नव्हती, भिंतींचा रंग उडालेला होता. पण जागा स्टेशनापासून दहा मिनिटांवर होती, दार केव्हाही उघडे असे, आणि सेविका त्यांना 'आत्या' म्हणून हाक मारीत. अखेरची दोन वर्षे त्यांनी तेथे सुखाने काढली.

या अनुभवातून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो. आश्रम पाहण्यास न कळविता जावे. एकदा जेवणाच्या वेळी आणि एकदा संध्याकाळी. कार्यालयात बसू नये, खाटांपाशी जावे. नखे कापलेली आहेत काय, पाणी हाताशी आहे काय, संडासात धरण्यास दांडी आहे काय, हे पाहावे. रात्री किती माणसे जागी असतात, हे विचारावे. अंथरुणास खिळलेल्यांना दर दोन तासांनी कुशीवर वळवितात काय, हेही विचारावे. न वळविल्यास पाठीस जखमा होतात. चालते-फिरते माणूस अंथरुणास खिळले किंवा त्याची स्मृती गेली, तर ठेवून घेणार की परत पाठविणार, आणि अनामत रक्कम केव्हा परत मिळेल, हे लेखी घ्यावे. आजार उद्भवल्यास डॉक्टर कोण, रुग्णालयात कोण नेणार, वेगळी खोली आहे काय, हेही ठरवून घ्यावे. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातील सोरगावच्या वृद्धाश्रमात साठांहून अधिक जणांना कोरोनाची लागण झाली होती. एका छपराखाली अनेक वृद्ध असले म्हणजे रोग किती झपाट्याने पसरतो, हे त्यावरून ध्यानात यावे.

आणि सर्वांत आधी, ज्यांना तेथे राहावयाचे आहे त्यांना विचारावे. जागा त्यांना दाखवावी, 'नको' म्हणण्याची मुभा द्यावी.

२००७ च्या केंद्रीय कायद्याने ज्येष्ठांना चरितार्थासाठी न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते, आणि ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठ व्यक्तीस टाकून दिल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायदा खर्च देवविल. पण मंगळवारी दुपारी चार वाजता भेटीस पाठविणार नाही. ज्या खाटेपाशी नातलग वेळीअवेळी येतो, त्या खाटेवरील चादर कोरडी राहते. म्हणून कसारा किंवा कर्जत मार्गावर लांबचा रम्य आश्रम शोधण्यापूर्वी, आपण तेथे आठवड्यातून किती वेळा जाऊ शकू, याचा प्रामाणिक हिशेब करावा. माझ्या मते आश्रमाची खरी कसोटी हीच.

शेवटी मंडळास एक विनंती. आपल्या ज्ञातीतील जी वडीलधारी मंडळी या भागातील आश्रमांत आहेत, त्यांची यादी करावी आणि दोघादोघांनी दरमहा, रविवार सोडून, त्यांच्या भेटीस जावे. यास द्रव्य लागणार नाही, थोडा वेळ लागेल. सभेनंतर चिटणीसांकडे पहिले नाव मी माझे देत आहे. आणखी नावे येतील, अशी आशा बाळगतो.