खिशातील यंत्र आणि आपली वधूवर-सूची

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



नव्या यंत्रसाधनांविषयी चार शब्द बोलावेत अशी आज्ञा आपल्या चिटणीसांनी मला केली, तेव्हा मी त्यांना प्रथम हेच विचारले की, संस्थेत इतके अभियंते आणि संगणकाचे जाणकार असताना प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या, केवळ मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराला कशाला उभे करता? त्यावर ते म्हणाले, "गुरुजी, यंत्र कसे चालते ते अभियंते सांगतील. ते घरात कसे चालते, ते तुम्ही सांगा." या उत्तरापुढे माझा नाइलाज झाला. तेव्हा मी जे बोलणार आहे ते शास्त्र नव्हे. घरात, बाजारात आणि बँकेच्या रांगेत जे पाहिले व पारखले तेवढेच आहे.

आरंभी शब्दाविषयी एक खुलासा करतो. मी 'मोबाईल' असेच म्हणणार आहे. 'भ्रमणध्वनी' हा शब्द शासकीय पत्रकात शोभतो, परंतु "माझा भ्रमणध्वनी कोठे ठेवलास?" असे विचारणारा गृहस्थ मला अद्याप भेटावयाचा आहे. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्याबद्दल रागावू नये. 'टेबल', 'पेन' आणि 'रजा' हे शब्दही कोठून तरी आलेच आहेत.

गेल्या काही वर्षांत मला सर्वांत अधिक विस्मय वाटला तो भाजीवालीच्या पाटीशी टांगलेल्या काळ्यापांढऱ्या चौकोनाचा. क्यूआर या नावाचे हे चिन्ह 1994 साली जपानमध्ये मासाहिरो हारा या अभियंत्याने आपल्या सहकाऱ्यांसह तयार केले, आणि तेही पैशांच्या व्यवहारासाठी नव्हे, तर मोटारींचे सुटे भाग मोजण्यासाठी! 'गो' या पटावरील खेळाच्या काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांत जे मोठे ठसे दिसतात, त्यांवरून कॅमेऱ्याला चिन्हाची दिशा कळते. म्हणून कागद उलटा धरला तरी ते वाचता येते. एकच माहिती त्यात अशा युक्तीने गुंफलेली असते की, उत्तम प्रतीच्या चिन्हाचा सुमारे 30 टक्के भाग मळला किंवा फाटला तरी अर्थ हरवत नाही. चिन्ह शोधणाऱ्या कंपनीने त्यावरील आपला हक्क बजावला नाही, ते सर्वांना मोकळे ठेवले. आपल्याकडे 2016 साली यू. पी. आय. ही पैसे पाठविण्याची पद्धत सुरू झाली आणि जपानी कारखान्यातील ते चिन्ह आपल्या मंडईत येऊन बसले. सुट्या पैशांवरून होणारी बाचाबाची संपली हा लाभ लहान नव्हे. या पद्धतीचा एक नियम मात्र प्रत्येकाने पाढ्याप्रमाणे पाठ करावा: पैसे देताना गुप्त अंक घालावे लागतात, पैसे घेताना कधीही लागत नाहीत. "तुम्हांला पैसे पाठवितो, अंक घाला" असे जो म्हणतो, तो पैसे नेण्यासाठीच आला आहे असे खुशाल समजावे.

दुसरा आनंद मला कोशांचा मिळाला. मी सेवेत असताना मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश पाहावयाचा तर तालुक्याच्या ग्रंथालयात जावे लागे, आणि तेथील प्रत कपाटाच्या किल्लीसह ग्रंथपालांच्या मर्जीत असे. 1857 साली निघालेली त्या कोशाची दुसरी आवृत्ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर कोणासही विनामूल्य पाहता येते. 1976 साली ज्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला तो तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालील मराठी विश्वकोशही तसाच घरबसल्या उघडतो. आपण शिक्षकमंडळी विद्यार्थ्यांना सर्रास 'अजागळ' म्हणत असू. त्या शब्दाचे मूळ शेळीच्या गळ्याशी लोंबणाऱ्या निरुपयोगी स्तनांत आहे, हे कळल्यावर माझा नातू इतका हसला की, आता तो मलाच त्या शब्दाने संबोधण्याची संधी शोधीत असतो. असो.

मोबाईलवर बोलून मराठी लिहिण्याची सोय 2017 पासून झाली आहे. तिच्याविषयी माझे मत संमिश्र आहे. 'पाणी' म्हणणारा आणि 'पानी' म्हणणारा या दोघांनाही ते यंत्र बहुधा 'पाणी' असेच लिहून देते. ज्या भेदापायी मी नोकरीभर लाल शाई खर्च केली, तो यंत्राने एका क्षणात मिटविला! विरामचिन्हांची मात्र त्याला पर्वा नाही. परंतु ज्यांना आयुष्यभर पत्र लिहिता आले नाही अशा माझ्या एका चुलतवहिनी हल्ली मुंबईच्या मुलाला स्वतःचे निरोप स्वतः पाठवितात. पूर्वी त्या शेजारच्या मुलाकडून लिहवून घेत, तेव्हा सुनेविषयीची तक्रार लिहिता येत नसे, असे त्यांनीच मला सांगितले.

निवृत्तिवेतनधारकांसाठी एक माहिती उपयोगाची आहे. नोव्हेंबर महिन्यात आपण जिवंत आहोत हे सिद्ध करण्यासाठी बँकेत ताटकळावे लागे. 2014 साली 'जीवन प्रमाण' ही हयातीच्या दाखल्याची नवी सोय निघाली. पण तिला अंगठ्याचा ठसा लागे, आणि ज्यांच्या बोटांच्या रेषा कामाने झिजल्या त्यांना यंत्र ओळखीत नसे. जन्मभर भाकऱ्या थापणाऱ्या आणि भांडी घासणाऱ्या स्त्रियांना "तुमचा ठसा जुळत नाही" असे ऐकून परत जाताना मी पाहिले आहे. 2021 पासून मोबाईलसमोर चेहरा धरूनही हा दाखला देता येतो. उजेड पुरेसा हवा व डोळ्यांची उघडझाप करावी लागते, इतकेच. तरुण मंडळींनी घरातील वृद्धांसाठी वर्षातून एकदा दहा मिनिटे काढली तर पुष्कळांचा एक दिवस आणि रिक्षाचे भाडे वाचेल.

आता ज्या विषयासाठी मी खरोखर उभा राहिलो आहे त्याकडे वळतो. तो काहींना अप्रिय वाटण्याचा संभव आहे.

गतवर्षी आपल्यातीलच एका गृहस्थांना फोन आला. त्यांच्या संमतीने व नाव न घेता सांगतो. बोलणाऱ्याने आपण पोलीस अधिकारी असल्याचे सांगून त्यांच्या मुलीचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, शिक्षण, नोकरीचे ठिकाण आणि मामांचे आडनाव घडाघडा सांगितले. मुलगी एका प्रकरणात सापडली असून तिचे नाव वर्तमानपत्रात येऊ द्यावयाचे नसेल तर तत्काळ रक्कम पाठवा, असे तो म्हणाला. बापाचे काळीज ते! त्यांनी चाळीस हजार रुपये पाठविले. अर्ध्या तासाने मुलीचाच फोन आला. ती नेहमीप्रमाणे कचेरीत काम करीत होती.

येथपर्यंतची हकीकत आपण वर्तमानपत्रात वाचतो तशीच आहे. पुढचा भाग आपला आहे. त्या माणसाने मूळ गाव 'वाडेगाव' असे सांगितले. या कुटुंबाचे गाव वडगाव. 'वाडेगाव' हा मुद्रणदोष आहे, आणि तो जगात एकाच ठिकाणी आहे: आपल्या संस्थेच्या वधूवर-सूचीत.

आपली सूची पूर्वी छापील निघत असे. पाच-सहाशे प्रती सभासदांच्या घरी जात आणि कपाटात राहत. सांप्रत तीच सूची मोबाईलवरून गटागटांत फिरते. चांगल्या हेतूनेच फिरते, हे मी जाणतो. एखाद्या मावशीला वाटते की, आपल्या भाचीचे लवकर जमावे. पण त्या एका फायलीत छायाचित्र, जन्मतारीख, जन्मवेळ, जन्मस्थळ, वार्षिक उत्पन्न, घराचा पत्ता, वडिलांचा मोबाईल क्रमांक आणि आईच्या माहेरचे आडनाव असे सर्व काही एका ओळीत मांडलेले असते. आईचे माहेरचे आडनाव ही बँकांनी ग्राहकाची ओळख पटविण्यासाठी वर्षानुवर्षे विचारलेली खूण आहे. चोराला घरोघर फिरून जे गोळा करावे लागले असते, ते आपण त्याला अनुक्रमांक घालून दिले आहे. शिवाय छापील प्रत हरवली तर ती हरवते. ही फाईल एकदा सुटली की परत येत नाही. मुलीचे लग्न होऊन दोन मुले झाली तरी तिचे वर्णन व उंची कोठेतरी फिरतच राहते.

काही मान्यवरांचे म्हणणे असे की, जन्मतारीख व वेळ दिल्यावाचून पत्रिका जुळणार कशी? प्रश्न रास्त आहे. माझी सूचना अशी की, सूचीत केवळ क्रमांक, जन्माचे वर्ष, शिक्षण, व्यवसाय व तालुका द्यावा. ज्यांना स्थळ पसंत वाटेल त्यांनी आपली ओळख देऊन संस्थेच्या कार्यालयाकडे मागणी करावी आणि उमेदवाराच्या होकारानंतर बाकीचा तपशील एकाच कुटुंबाला द्यावा. उमेदवाराच्या म्हणजे मुलीच्या किंवा मुलाच्या स्वतःच्या, केवळ वडिलांच्या नव्हे. कार्यालयाचे काम वाढेल, हे खरे. त्यासाठी आठवड्यातून दोन सायंकाळी बसण्यास मी तयार आहे. 2023 साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला असून त्याचा गाभा संमती हाच आहे; आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती त्यात सांगितली आहे. शिष्यवृत्तीधारक मुलांची छायाचित्रे, शाळा व गुण आपण दरवर्षी प्रसिद्ध करतो, तिकडेही या निमित्ताने पाहावे.

त्या गृहस्थांनी ही गोष्ट दोन महिने कोणाला सांगितली नाही. का? तर मुलीचे नाव चर्चेत येईल आणि तिचे जमणे कठीण होईल, या धास्तीने. फसवणुकीची तक्रार 1930 या क्रमांकावर पहिल्या काही तासांत केली तर पैसे पुढे पोचण्यापूर्वी बँकेत अडविले जाण्याची शक्यता असते. दोन महिन्यांनी बहुधा काहीच हाती लागत नाही. तेव्हा त्यांचे पैसे चोराने नेले हे खरे; पण ते परत मिळण्याची वेळ आपल्या कुजबुजीच्या भयाने गेली. हे मला अधिक लागले.

अशा प्रकारांपैकी दोन ओळखून ठेवावेत. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट आपल्या कायद्यात नाही. पोलीस किंवा न्यायाधीश मोबाईलच्या पडद्यावरून कोणास घरात कोंडून ठेवीत नाहीत आणि पैसेही मागत नाहीत. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांनीही आकाशवाणीवरील आपल्या भाषणात याविषयी सावध केले होते. दुसरा प्रकार लग्नसराईतला आहे. अनोळखी क्रमांकावरून विवाहाची निमंत्रणपत्रिका येते. ती पत्रिका चित्र किंवा पीडीएफ असेल. परंतु फाईलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' ही अक्षरे असतील तर ती पत्रिका नसून मोबाईलमध्ये शिरणारा कार्यक्रम असतो. तो बसविला की आपल्याला येणारे बँकेचे गुप्त अंक परस्पर वाचले जाऊ शकतात. आपल्या समाजात कोणाच्या लग्नाचे बोलावणे आले म्हणजे ते उघडून पाहण्याची जी आपली सवय आहे, तिच्यावरच हा धंदा उभा आहे. वधूवरांपैकी कोणीच परिचित नसेल तर अक्षतांची घाई करू नये.

भाषणानंतर चहाच्या वेळी मी दाराजवळच्या टेबलाशी बसणार आहे. ज्यांना हयातीचा दाखला किंवा मोल्सवर्थचा कोश कसा उघडावा हे पाहावयाचे असेल त्यांनी चष्मा आणि मोबाईल घेऊन यावे. सूचीविषयीचा ठराव दुपारच्या सर्वसाधारण सभेत पाचव्या क्रमांकावर आहे. ज्यांचा त्याला विरोध असेल त्यांनीही अवश्य थांबावे, कारण गतवर्षी पाचव्या विषयापर्यंत सभागृहात अकराच सभासद उरले होते.