गुळवेल आणि गळ्यातली माळ
(भाजे येथे आरोग्यसेविका व हितचिंतकांच्या मेळाव्यात एका परिचारिका भगिनीने केलेले भाषण)



सकाळी मळवली स्टेशनावर उतरून तुमच्यापैकी जे भाज्यापर्यंत चालत आले, त्यांनी वाटेत झाडांवर चढलेली गुळवेल पाहिली असेल. पान हृदयाच्या आकाराचं आणि खोड जुन्या दोरखंडासारखं. आपल्या वाड्यांवरच्या कातकरी आणि ठाकर बायकांना ती ओळखायला पान लागत नाही, नुसतं खोड पुरतं. या वेलीचा अभ्यास करणाऱ्या एका डॉक्टरबाईंविषयी मला आज बोलायचं आहे. पण आधी माझी एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वी एका वाडीवर शिबिरात एक बाई आली. डोळे पिवळे, अंगाला सतत खाज, आणि शौचाला पांढुरकी, मातीसारखी होत होती. ही साधी कावीळ नव्हे, पित्ताची वाट कुठेतरी अडली आहे, हे मला कळलं. तिच्या गळ्यात काविळीची माळ होती. वाडीतल्या आजीबाईंनी ती घातली होती आणि गुळवेलीचा काढाही चालू केला होता. मी सगळ्यांदेखत म्हटलं, "हा अडाणीपणा आधी काढून टाका, मग बोलू." ती काहीच बोलली नाही. पदर सावरून उठली आणि गेली. तीन आठवड्यांनी घरच्यांनी तिला रुग्णालयात नेलं, तेव्हा रक्तात जंतुदोष पसरला होता. ती वाचली नाही. निदान माझं बरोबर होतं, पण त्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

त्यानंतर डॉ. शरदिनी डहाणूकरांचं काम माझ्या वाचनात आलं. तुमच्यापैकी काहींनी त्यांची 'वृक्षगान', 'हिरवाई' ही पुस्तकं वाचली असतील. झाडांवर इतकं जीव लावून लिहिणारी डॉक्टर विरळाच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्या औषधशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. शिक्षण आधुनिक वैद्यकाचं. त्या काळी त्यांच्या क्षेत्रातले बरेच लोक आयुर्वेदाला हसत, आणि बाहेर बरेच लोक त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत. डहाणूकरबाईंनी यातलं काहीच केलं नाही. जुनं औषध घ्यायचं आणि नव्या औषधाला लावतो तीच कसोटी त्याला लावायची, हा त्यांचा रस्ता. १९८९ साली डॉ. उर्मिला थत्ते यांच्यासोबत त्यांनी 'आयुर्वेद रिव्हिजिटेड' हे इंग्रजी पुस्तक लिहिलं.

त्यांच्या गटाचा एक अभ्यास मला तोंडपाठ आहे. डॉ. निर्मला रेगे आणि सहकाऱ्यांनी तो १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. पित्तनलिका अडून कावीळ झालेले ३० रुग्ण, म्हणजे माझ्या त्या बाईसारखेच. अशा रुग्णांत आधी नळी घालून पित्त बाहेर काढतात आणि मग शस्त्रक्रिया करतात. दोन्ही गटांना नेहमीचे उपचार होते. एका गटाला त्याबरोबर गुळवेलीचा अर्क मोजून दिला, वजनाच्या दर किलोला रोज १६ मिलिग्रॅम. नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांत रक्तात जंतुदोष पसरल्याची लक्षणं दिसली, गुळवेलवाल्यांत एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या गटात ४० टक्के वाचले, दुसऱ्यात ९२.४ टक्के. रुग्ण थोडे होते, हे विसरू नका. आणि अडलेली नळी गुळवेलीने मोकळी झाली नाही. तसा कोणाचा दावाही नव्हता. वेलीने शरीराला जंतूंशी लढायचं बळ दिलं. नळीचं काम नळीने आणि सुरीनेच केलं.

म्हणजे त्या दिवशी मी तिला म्हणायला हवं होतं, "काढा घेतलास ते आजींना सांग, मलाही सांग, आणि उद्या माझ्याबरोबर सोनोग्राफीला चल." एवढंच वाक्य होतं.

डहाणूकरबाई २००२ साली गेल्या. कोरोनाच्या काळात त्यांची मला फार आठवण झाली. शहरात गुळवेलीला सोन्याचे दिवस आले होते, आणि शहापूरकडच्या कातकरी तरुणांनी ती विकून चार पैसे कमावले, याचा आनंदच आहे. पण लोक ती मापाशिवाय पिऊ लागले. २०२१ मध्ये मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या ६ रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती मान्य केली नाही. दुसरीच, तिच्यासारखी दिसणारी वेल घेतली गेली असेल, असंही म्हटलं गेलं. वाद काहीही असो, कोणती वेल, किती आणि कोणाला, हे विचारल्याशिवाय पेला तोंडाला लावू नये, हे बाईंनी नक्की सांगितलं असतं. आधीच यकृताचा त्रास असेल तर मुळीच नाही.

मी त्या आजीबाईंकडे पुन्हा गेले. माफी मागायला दोन फेऱ्या माराव्या लागल्या. पहिल्यांदा त्यांनी दारातूनच परत पाठवलं. आता आमचं ठरलं आहे. डोळे पिवळे, लघवी गडद, खाज आणि पांढुरकी शौच असा रोगी आला, की आजी त्याच दिवशी आम्हाला निरोप धाडतात. माळ घालतात, ती मी काढत नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांनी अशी एक मुलगी स्वतः आणून सोडली. सोनोग्राफीच्या टेबलावर तिच्या गळ्यात माळ तशीच होती. पित्तनलिकेत खडा निघाला. तो वेळेत काढला गेला आणि ती भातलावणीला नाही, पण कापणीला शेतात होती. तिच्या तपासणीचा आणि गाडीचा खर्च तुमच्या वर्गणीतून झाला.