रजिस्टरला पाय फुटले

आज आम्ही चित्रांबद्दल बोलणार आहोत, आणि तेही रेडिओवर, जिथं चित्र दिसत नाही! म्हणून आधी एक विनंती. हाताशी पेन्सिल असेल तर घ्या, नसेल तर पोरांच्या दप्तरातून काढा. कागद नवा कोरा नको. लग्नपत्रिकेची पाठकोरी बाजू, वहीची मागची पानं, काहीही चालेल. तव्यावर भाकरी असेल तर आत्ता नुसतं ऐका, रात्री करून बघा.

आम्ही गटातल्या बायका व्यंगचित्रातली माणसं काढायला शिकलो ते हौस म्हणून नाही. आपल्याकडे प्रत्येक ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यायची असते, कायद्यातच तसं आहे. आमच्या गावात ती सभा व्हायची, पण रजिस्टरात. ग्रामपंचायतीचं रजिस्टर दारोदार फिरायचं. कुणी भाकरी थापत असायची, कुणी शेणाच्या हातांनी गोठ्यातून यायची, सही करायची नाहीतर अंगठा द्यायची. वर काय लिहिलंय ते वाचायला कुणाला वेळ होता? नळाचं पाणी, वस्तीचा रस्ता, शाळेतलं शौचालय, सगळं आपल्या अंगठ्यानं ठरत होतं आणि आपल्यालाच ठाऊक नव्हतं. हे लोकांना सांगायचं होतं. भाषण केलं तर भांडण होतं. पत्रक वाटलं तर वाचणाऱ्याच वाचतात. मग चित्रांची गोष्ट भिंतीवर लावायचं ठरलं.

हा प्रकार आमच्या डोक्यातून निघालेला नाही. दिल्लीची वर्ल्ड कॉमिक्स इंडिया ही संस्था बरीच वर्षं गावोगावच्या साध्या माणसांना, ज्यांनी कधी ब्रश धरलेला नाही अशांना, आपल्या गावची गोष्ट चित्रांत सांगायला शिकवते. रीत सोपी आहे. दोन साधे कागद जोडायचे, त्यावर चार चौकटी आखायच्या, चार चौकटींत गोष्ट संपवायची, झेरॉक्स काढायची आणि भिंतीवर लावायची.

आता तुम्ही म्हणाल, आम्हाला चित्र येत नाही. हे वाक्य आम्हीही ऐकलंय, एकमेकींच्या तोंडून. पण चैत्रात अंगणात चैत्रांगण कोण काढतं? गाय, कासव, साप, सूर्य, चंद्र, पाळणा, तुळशीवृंदावन. पाच-सात रेघांत कासव होतं आणि बघणारीला ते कासवच वाटतं. वारली चित्रातल्या माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. व्यंगचित्र दुसरं काय करतं? नको ते गाळतं आणि हवं तेवढंच ठेवतं. ही सवय आपल्या बोटांना आधीपासून आहे.

चेहऱ्यापासून सुरू करू. भाकरीसारखा गोल काढा. त्याच्या बरोबर मध्यावर एक पुसट आडवी रेघ मारा. डोळे त्या रेघेवर येतात. नवशिकी बाई डोळे कपाळावर चढवते, कारण केस धरून डोकं केवढं असतं हे आपण कधी नीट बघितलेलंच नसतं. आरशात बघा, डोळे मध्यावरच असतात. आता त्याच चेहऱ्याला तीन तऱ्हेच्या भुवया करा: सरळ, आत उतरलेल्या आणि आत चढलेल्या. तोंडंही तीन तऱ्हेची: सरळ, वर वळलेलं, खाली वळलेलं. तीन त्रिक नऊ. नऊ चेहरे झाले आणि नऊही वेगळं बोलतात. भुवया आत उतरलेल्या आणि तोंड हसरं, तर बाई काहीतरी डाव शिजवतेय. भुवया आत चढलेल्या आणि तोंड हसरं, तर पाहुण्यांसमोर दुःख गिळून हसतेय. हा दुसरा चेहरा आमच्या सगळ्यांना पहिल्या झटक्यात जमला, का ते विचारू नका.

मग अंग. मोठं माणूस साधारण सात डोक्यांइतकं उंच असतं. व्यंगचित्रात तीन-चार डोक्यांत काम भागतं, कारण चेहरा मोठा असला की लांबून भाव दिसतो. खरी अडचण पुढं येते. पहिल्या चौकटीतली बाई चौथ्या चौकटीत तीच वाटली पाहिजे. त्यासाठी तिला दोन खुणा द्यायच्या आणि त्या सोडायच्या नाहीत. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ आठवा. चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा, झुबकेदार मिशा. 1951 पासून कितीतरी वर्षं तो रोज पेपरात आला, एक शब्द न बोलता, आणि कधी अनोळखी वाटला नाही. आमच्या बाईला आम्ही मोठं कुंकू आणि कंबरेला खोचलेला पदर दिला. त्याच लक्ष्मण यांना तरुणपणी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश मिळाला नव्हता. कावळे मात्र ते लहानपणापासून बघत आणि काढत आले. आपल्या पत्र्यावरही कावळे आहेतच की.

जाता जाता एक गोष्ट. कित्येक विनोदी चित्रांत बायको जाडजूड असते आणि तिच्या हातात लाटणं असतं. ती चित्रं बघून आम्हीही हसलोय. पण गटात पहिल्यांदा ‘बाई काढा’ म्हटलं तेव्हा तीन जणींच्या हातून तेच लाटणं उतरलं! आपल्या हातात दिवसभर काय काय असतं याची मग यादी केली. विळा, कळशी, मोबाईल, पोराचा हात, बँकेचं पासबुक. चित्रं बदलली.

सरावाचं म्हणाल तर रोज दहा मिनिटं बरी, रविवारचे दोन तास नकोत. पाटीवर हात मोकळा चालतो, पुसता येतं म्हणून भीती राहत नाही. पण पाटीवरचं पुसलं जातं, म्हणून आठवड्यातून एकदा तरी कागदावर काढा आणि जपून ठेवा.

आता दाखवण्याबद्दल. यावर आमच्यात पुष्कळ चर्चा झाली. चित्र पुढं केलं की बाया म्हणतात ‘छान’, आणि ‘छान’चा काडीचा उपयोग नसतो. म्हणून आम्ही नियम केला. ‘कसं आहे’ असं विचारायचं नाही, ‘काय दिसतंय’ असं विचारायचं. आणि जिनं काढलंय तिनं तोवर तोंड उघडायचं नाही. हे फार जड जातं. पण भिंतीवर पोस्टर लागलं की समजावून सांगायला आपण तिथं उभ्या नसतो. अक्षर न येणाऱ्या आजीला आधी दाखवा. तिला शब्दांची मदत नसते, जे आहे ते चित्रानंच सांगावं लागतं. शि. द. फडणीस यांच्या कितीतरी हास्यचित्रांत एकही शब्द नसतो आणि तरी माणूस पोट धरून हसतो. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांतही त्यांची चित्रं होती, काहींना आठवत असतील.

आमची पहिली चौकट अशी होती: दारात रजिस्टर घेऊन शिपाई उभा. सराव होता होता चित्र चांगलं जमलं, आणि चांगलं जमलं तिथंच घोळ झाला. एका आत्यांनी बघितलं आणि शांतपणे विचारलं, “ह्याच्या घरी बघितलं तर त्याच्या आईला काय वाटेल?” खोलीत कुणी बोललं नाही. शिपाई बिचारा सांगितलेलं काम करतो. शहरात व्यंगचित्र छापलं की ते कुणा अनोळखी माणसाचं राहतं. गावात तसं नसतं. नाक जरा लांब झालं, टोपी जरा तिरकी झाली की लोक नाव घेतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो. दोघी म्हणाल्या, नाव घेऊ दे, खोटं काय आहे? बाकीच्या म्हणाल्या, त्याला हसून सभा भरणार आहे का? दोन बैठका यावरच गेल्या.

शेवटी आमच्यातली सगळ्यात कमी बोलणारी म्हणाली, शिपाई काढूनच टाका, रजिस्टरलाच पाय फुटू द्या. आणि फुटले! दोन काटकुळे पाय, दोन हात, कानामागं पेन, आणि रजिस्टर स्वतःच दार वाजवतंय, “ताई, अंगठा द्या!” आजीला दाखवलं तर ती म्हणाली, “बॅग चालतीय होय गं?” मग त्याला मध्ये शिवणीची दोरी दिली, पानांच्या कडा दाखवल्या, आणि आजी म्हणाली, “आता वही झाली.” शेवटच्या चौकटीत बायका गोल बसल्यात आणि रजिस्टर त्यांच्यामध्ये पाय दुमडून गप्प बसलंय.

कामाच्या दोन-तीन गोष्टी सांगून टाकतो. पात्राचं बोलणं आधी लिहा आणि मग त्याभोवती फुगा काढा, नाहीतर अक्षरं फुग्यात मावत नाहीत. जी आधी बोलते ती डाव्या हाताला काढा, कारण आपण डावीकडून वाचतो. पेन्सिलवर काळ्या पेनानं गिरवा, झेरॉक्समध्ये पेन्सिल नीट उतरत नाही.

पोस्टर आम्ही पिठाची गिरणी, डेअरी, अंगणवाडी आणि एसटी थांब्यावर लावलं. गिरणीत सगळ्यात जास्त वाचलं गेलं, दळण होईपर्यंत दुसरं काय करणार? शिपायानंही वाचलं आणि हसला. त्या खेपेला रजिस्टर कुणाच्या दारात आलं नाही. महिला सभेला दुसरी सतरंजी आणावी लागली, आणि नळाच्या विषयावर सह्या करायच्या आधी तो मोठ्यानं वाचून घेतला गेला.

तर तुमच्याकडं आता नऊ चेहरे आहेत. घरातल्या सगळ्यात फटकळ माणसाला दाखवा, काय दिसतंय ते विचारा, आणि कागदाच्या कोपऱ्यात तारीख घाला. पुढच्या वेळी हात काढू, हाताची बोटं भल्याभल्यांना रडवतात. नमस्कार.