संसाराच्या वाटेवरील नवे टप्पे
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



 मी समाजशास्त्रज्ञ नव्हे, की धर्मशास्त्राचा अभ्यासकही नव्हे. अनेक संसार जवळून पाहिलेला, आपल्यातलाच एक गृहस्थ या नात्याने जे सुचले ते आपल्यापुढे ठेवतो. त्यातील ग्राह्य असेल तेवढे घ्यावे, एवढीच विनंती.

आपल्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका कोणीही चाळून पाहाव्यात. त्यांत नवजात बालकांचे स्वागत असते, परीक्षेत उज्ज्वल यश मिळविणाऱ्या मुलामुलींचे अभिनंदन असते, विवाहाच्या वार्ता असतात. पुढे एकदम षष्ट्यब्दिपूर्तीचे छायाचित्र येते आणि त्यानंतर काळ्या चौकटीतील श्रद्धांजली. मधली तीस-पस्तीस वर्षे जणू कोणाच्या आयुष्यात काही घडलेच नाही!

हे आजचे नाही. आपल्याकडे षोडश संस्कार प्रसिद्ध आहेत. त्यांच्या याद्यांत थोडाफार भेद असला, तरी बहुतेक संस्कार विवाहापर्यंत आटोपतात; गर्भाधान, पुंसवन आणि सीमंतोन्नयन हे तीन तर जन्मापूर्वीच होतात. विवाहानंतर अंत्येष्टीपर्यंत फारसे काही नाही. साठाव्या वर्षीची शांत आणि सहस्रचंद्रदर्शन हेच काय ते विसावे. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस धरले, तर हजार पौर्णिमा पाहण्यास ८० वर्षे आणि १० महिने लागतात. पूर्वी इतके आयुष्य विरळा लाभे. आज आपल्या घराघरांत सत्तरी-पंचाहत्तरीची माणसे आहेत, आणि त्यांच्या आयुष्यात रोज काही नवे घडत आहे. ज्यांना पूर्वजांनी नाव दिले नाही, ज्यांसाठी मुहूर्त नाही, अक्षता नाहीत, असे हे नवे टप्पे आहेत. त्यांपैकी दोनच आज आपल्यापुढे मांडतो. एक, आप्तांच्या जवळ राहावयास जाणे. आणि दुसरा, घरातील वडीलधाऱ्या माणसाने उतारवयात एखादी शर्यत अंगावर घेणे. हे दोन विषय परस्परांपासून दूरचे वाटतील. पण ते एकाच सूत्राने बांधलेले आहेत, असे माझे नम्र मत आहे.

प्रथम जवळ राहण्याचा विषय घेऊ. डॉ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एकत्र कुटुंबाची लक्षणे सांगितली आहेत. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचे अन्न खाणारी, सामाईक मालमत्ता असलेली आणि एकाच कुलदैवताच्या पूजेत सहभागी होणारी आप्तमंडळी, असा त्याचा सारांश. या कसोटीवर पाहू गेल्यास आपल्यापैकी फारच थोडी कुटुंबे आज एकत्र ठरतील. परंतु पुढे प्रा. आय. पी. देसाई यांनी गुजरातमधील महुवा या गावी कुटुंबांची पाहणी केली. तीवरील त्यांचा ग्रंथ १९६४ साली प्रसिद्ध झाला. चूल वेगळी झाली म्हणजे कुटुंब तुटले असे नव्हे. देणेघेणे, अडीअडचण आणि कर्तव्य यांचे धागे टिकले असतील तर एकत्रपण टिकलेलेच असते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. मला वाटते, आपल्या प्रश्नाचे उत्तर या दोन विद्वानांच्या मधोमध कोठेतरी आहे. चूल वेगळी असावी, परंतु उंबरठा हाकेच्या अंतरावर असावा.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी हे ओळखले होते. पोटासाठी मुंबईस आलेल्या कोकणातील कित्येक गावांच्या मंडळींनी चाळीत एखादी खोली घेऊन गावच्या माणसांची सोय केली. गोव्याच्या गावांनी मुंबईत आपापल्या ‘कूडी’ चालविल्या. सारस्वत समाजातील श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी तर सहकाराचा मार्ग धरला. त्यांच्या प्रयत्नांतून १९१५ साली गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली. पुढे ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. परक्या शहरात रात्री-अपरात्री दार ठोठावता येईल असे एक तरी घर जवळ असावे, ही त्या सर्व खटाटोपामागची प्रेरणा होती. त्यातील आपलेपणा घ्यावा. शेजारी कोणत्या जातीचा आहे हे पाहून घर देण्याची वृत्ती मात्र घेऊ नये. वेळप्रसंगी जो धावून येतो तो आपला, मग त्याचे आडनाव काहीही असो.

आता परिस्थिती पालटली आहे. मुलगा बंगळूरला, मुलगी अमेरिकेत आणि आईवडील सांगलीच्या किंवा रत्नागिरीच्या घरात, असे चित्र सर्वत्र दिसते. अशा वेळी कोणीतरी हलण्याचा निर्णय घेतो. कधी आईवडील मुलाच्या शहरात येतात, कधी मुलगा बढतीवर पाणी सोडून गावाजवळ बदली मागून घेतो. ही गोष्ट बोलण्यास सोपी आहे. पण चाळीस वर्षे राहिलेले घर बंद करताना त्या माऊलीने अंगणातल्या तुळशीला शेवटचे पाणी घातले, त्या घटकेला कोणता सोहळा झाला? कोणी तिची ओटी भरली? नव्या ठिकाणी भाजीवाला ओळखीचा नाही, वाचनालय कोठे आहे ते ठाऊक नाही, दुपारी बोलावयास कोणी नाही. विवाह होऊन सासरी जाणाऱ्या मुलीची आपण किती काळजी वाहतो! सत्तराव्या वर्षी नव्या गावी जाणाऱ्या स्त्रीचे ते दुसरे सासरच नव्हे काय?

येथे मला एका रूढीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. मुलीच्या घरचे पाणीही घेऊ नये, असे मानणारी माणसे अजून आपल्यांत आहेत. एकुलती एक मुलगी त्याच शहरात असताना केवळ लोकलज्जेस्तव दूर एकाकी राहणारे आईवडील आपण सर्वांनीच पाहिले आहेत. ही रूढी आता सोडावी. विवाहित कन्येवरही आईवडिलांच्या पोषणाची जबाबदारी आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १२५व्या कलमान्वये १९८७ सालीच दिला. २००५ च्या दुरुस्तीने मुलीस वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीचा हक्क जन्मतः मिळाला. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासंबंधीच्या २००७ च्या कायद्यातही मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. हक्क आणि कर्तव्य दोन्ही समान झाल्यावर पाणी तेवढे वर्ज्य का असावे?

त्याचबरोबर, जवळ राहावयास जाताना काही गोष्टी आधीच मोकळेपणाने बोलून घ्याव्यात. नातवंडे सांभाळणे हा आजीआजोबांचा आनंद आहे, ती त्यांची बिनपगारी नोकरी नव्हे. सुनेच्या स्वयंपाकघरात सासूबाईंनी आणि सासूबाईंच्या घरात सुनेने न विचारता फेरफार करू नये. जुन्या एकत्र कुटुंबाचे आपण गोडवे गातो, पण त्याचा भार घरातील स्त्रियांच्या खांद्यांवर होता, हे विसरून चालणार नाही. आणखी एक. राहते घर विकण्याची किंवा मुलांच्या नावे करून देण्याची घाई वडिलांनी करू नये. बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर आपला सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहून घ्यावी. ती पाळली गेली नाही, तर २००७ च्या कायद्याच्या २३व्या कलमाचा आधार मिळतो. प्रेमात हिशेब नसावा हे खरे. पण कागद चोख असला की प्रेमही निर्धास्त राहते.

आता दुसऱ्या टप्प्याकडे वळतो. मुंबईत २००४ सालापासून मोठी मॅरेथॉन शर्यत भरते. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची, तर साताऱ्यास यवतेश्वरच्या घाटातील अर्धमॅरेथॉन २०१२ पासूनची. मुंबईच्या शर्यतीत ज्येष्ठ नागरिकांसाठी सुमारे चार किलोमीटरची स्वतंत्र धाव असते. पांढऱ्या केसांची मंडळी छातीवर क्रमांक लावून तीत उत्साहाने भाग घेतात. काही तर याही वयात पूर्ण ४२ किलोमीटर १९५ मीटर धावतात.

घरात हा मनोदय कोणी बोलून दाखविला की प्रथम हसे होते. ‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न ठरलेला. वडिलांबाबत तो निदान कौतुकाने विचारला जातो. आईने तसे म्हटले तर घर चकितच होते. मुलांच्या शाळेतील प्रत्येक क्रीडास्पर्धेस जी माऊली उन्हात उभी राहिली, तिच्या स्पर्धेस उभे राहण्याची वेळ आली की आम्हांस कामे आठवतात! तेव्हा अशा प्रसंगी घराने काय करावे? प्रथम डॉक्टरांकडून हृदयाची व रक्तदाबाची तपासणी करवून घ्यावी आणि त्यांनी नको म्हटले तर तो शब्द मानावा. तयारीस काही महिने लागतात, हे ध्यानी धरावे. रविवारी पहाटे लांब पल्ल्याचा सराव असतो, म्हणून शनिवारची जेवणे लवकर उरकावीत. आई धावणार असेल, तर सकाळचा चहा आणि न्याहारी दुसऱ्या कोणी तरी करावी. खरा पाठिंबा तो हाच. टाळ्या नंतरच्या.

या संदर्भात फौजा सिंग यांचे चरित्र मनन करण्याजोगे आहे. जालंधरजवळच्या खेड्यातील हा शेतकरी. पारपत्रावरील नोंदीप्रमाणे जन्म १९११ चा. १९९२ साली पत्नी वारली. दोन वर्षांनी तरुण मुलगा अपघातात गेला. इंग्लंडमध्ये मुलाच्या आश्रयास गेलेल्या या वृद्धाने दुःखावर उतारा म्हणून धावणे धरले. २००० साली, ८९व्या वर्षी, लंडनची मॅरेथॉन त्यांनी ६ तास ५४ मिनिटांत पुरी केली. २०११ साली, शंभराव्या वर्षी, टोरांटोची. २०१३ मध्ये हाँगकाँगला १० किलोमीटर धावून त्यांनी शर्यतींचा निरोप घेतला. जुलै २०२५ मध्ये आपल्या मूळ गावी रस्ता ओलांडताना वाहनाची धडक बसून त्यांचा अंत झाला. या चरित्रात माझ्या दोन्ही विषयांचा संगम आहे. आप्ताजवळ छप्पर मिळाले म्हणून तो माणूस तगला; परंतु नुसत्या छपराने त्याचे दुःख हलके झाले नाही. त्याला स्वतःचे असे काही करावयास मिळाले, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. वडीलधाऱ्यांना जवळ आणून खोलीत बसवून ठेवणे म्हणजे सेवा नव्हे, हे यावरून कळावे.

लांब पल्ल्याच्या धावपटूंकडून ऐकलेली एक गोष्ट सांगतो. मॅरेथॉनच्या आरंभी मोठी गर्दी असते, वाद्ये वाजतात, पाय आपोआप उचलले जातात. साधारण तीस किलोमीटरनंतर मात्र शरीरात साठविलेली साखर सरत येते, पाय शिशासारखे जड होतात आणि गर्दीही पांगलेली असते. मुंबईच्या शर्यतीत नेमका त्याच सुमारास पेडर रोडचा चढ लागतो. तेथील रहिवासी पाणी, संत्र्याच्या फोडी, बिस्किटे घेऊन रस्त्याच्या कडेला उभे असतात. ओळख ना देख, पण त्या हाकांनी थकलेला माणूस चढ चढून जातो.

बंधुभगिनींनो, आपण आणि आपले मंडळ आजवर आरंभरेषेवरच गर्दी करीत आलो आहोत. बारसे, मुंज, विवाह, तेथे दोनशे पाने उठतात. शेवटी स्मशानातही आपण जातो. पण मधल्या चढावर कोण उभे असते? पत्नी गेल्यावरचे पहिले वर्ष, सेवानिवृत्तीनंतरचा पहिला सोमवार, नव्या शहरातील पहिली दिवाळी, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर टाकलेले पहिले पाऊल, हे सारे आयुष्याचे तिसावे किलोमीटर आहेत. तेथे माणूस हवा असतो. आणि तेथे वेळेवर पोहोचता यावे म्हणूनच जवळ राहावयाचे असते.

म्हणून मंडळापुढे तीन नम्र सूचना ठेवतो. एकटे अथवा दोघेच राहणाऱ्या वृद्ध सभासदांची विभागवार यादी करावी आणि प्रत्येक विभागात एका तरुण सभासदाने त्यांना आठवड्यातून एकदा भेटण्याचे काम पत्करावे. नव्या गावी राहावयास आलेल्या सभासद कुटुंबास तेथील मंडळींनी पहिल्या पंधरवड्यात घरी जेवावयास बोलवावे. आणि विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाच्या व्यासपीठावरच, साठी उलटल्यावर काही नवे शिकलेल्या, पोहलेल्या, धावलेल्या वडीलधाऱ्यांचाही श्रीफळ देऊन सत्कार करावा. यास फार द्रव्य लागणार नाही. थोडा वेळ आणि थोडी आस्था मात्र लागेल.

पुढील वर्षीच्या स्मरणिकेत अभिनंदन आणि श्रद्धांजली यांच्या मधली पाने अशा वार्तांनी भरलेली दिसोत, ही श्रीचरणी प्रार्थना करतो.